भाड्याचे घर आणि कायद्याचे छत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील बरगी येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



 अशा प्रसंगी वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यसंगीतावर बोलावे, निदान महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाच्या अस्मितेवर तरी बोलावे, अशी रीत आहे. आम्ही मात्र घरभाडे, पावती, नोटीस आणि कुलूप यांविषयी बोलणार आहोत. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. परंतु घर सोडून दूर आलेल्या माणसाच्या आयुष्यात याहून जिव्हाळ्याचा विषय क्वचितच असेल. आम्ही कला शाखेचे साधे पदवीधर असून वकिलीची सनद आमच्यापाशी नाही. मात्र तीस वर्षांच्या केंद्र सरकारच्या नोकरीत सात गावी बिऱ्हाड मांडले आणि मोडले, एवढ्याच अधिकारावर हे बोलत आहोत.

आपल्या मंडळाची रचना पाहिली तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, बँका, विमा, टपाल अशा निमित्तांनी आपण अथवा आपले वडील जबलपूर परिसरात आलो. ज्यांस सरकारी निवासस्थान मिळाले ते सुदैवी. बाकीचे भाड्याच्या खोल्यांत राहिले. परंतु त्याच वेळी नागपूर, अमरावती, पुणे वा कोकणातील एखाद्या खेड्यात आपले वडिलोपार्जित घर असते आणि त्यात कोणी भाडेकरू राहत असतो. म्हणजे आपण येथे भाडेकरू आणि तेथे घरमालक! येथे असताना कायद्याने आपले रक्षण करावे असे आपणांस वाटते. गाडीने नागपुरास उतरलो की तोच कायदा भाडेकरूंना डोक्यावर बसवतो, असे आपण म्हणू लागतो. या दोन्ही भूमिका आमच्या वाट्याला आल्या. त्यांचीच हकीकत आधी सांगतो.

सन 1996 ची गोष्ट. उत्तरेकडील एका शहरात आमची बदली झाली होती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे बिऱ्हाड होते. भाडे दरमहा रोख देत असू, पावती मागितली की घरमालक हसून म्हणत, "घर की बात है, बाबूजी." करार लिहिलेला नव्हता. दीड वर्षाने त्यांस अधिक भाडे देणारा कोणी भेटला असावा. प्रथम नळाचे पाणी दिवसाआड येऊ लागले, मग जिन्यातला दिवा गेला. त्या वर्षी गणपतीसाठी आम्ही नागपुरास गेलो आणि अनंतचतुर्दशी आटोपून परतलो, तो दारावर निराळेच कुलूप! आमच्या ट्रंका, स्टोव्ह, पिठाचा डबा आणि मुलाचा पाळणा गच्चीच्या कठड्याशी रचून ठेवलेला होता. रात्रीचे नऊ वाजले होते. आमची पत्नी दोन वर्षांच्या मुलास मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली होती. भाडे एका महिन्याचेही थकले नव्हते. परंतु ते दाखविण्यास आमच्यापाशी कागदाचा एक चिटोरा नव्हता.

त्या रात्री त्या शहरातील मराठी मंडळाच्या एका कुटुंबाने आम्हांस आपल्या घरी नेले. पुरती ओळखही नव्हती. गणेशोत्सवाच्या वर्गणीपुरता काय तो परिचय. त्यांच्या घरी आम्ही अकरा दिवस राहिलो. पुढे दुसरी जागा मिळाली आणि तक्रार, दावा वगैरे काही न करता आम्ही तो विषय सोडून दिला. परक्या गावात भांडण नको, नोकरीवर बालंट नको, असा विचार केला. आपल्यापैकी किती जणांनी हाच विचार केला असेल, हे आम्ही सांगावयास नको.

आता दुसरी बाजू. नागपुरात महाल भागात आमच्या तीर्थरूपांचे दुमजली घर होते. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक पुष्कळ वर्षे भाड्याने राहत. भाडे इतके अल्प होते की त्यात वर्षाचा घरपट्टीचा आकडाही भागत नसे. सन 1998 मध्ये आमच्या मातुःश्रींचे गुडघे गेले आणि त्यांस जिना चढणे अशक्य झाले. तळमजल्याची गरज खरी होती. परंतु त्या काळी विदर्भात 1949 सालचा मध्यप्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्या आदेशाप्रमाणे भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी मिळाल्यावाचून घरमालकास जागा सोडण्याची नोटीसदेखील देता येत नसे. प्रथम परवानगीचा अर्ज, मग अपील, मग नोटीस, मग दिवाणी दावा, असा तो मार्ग होता आणि त्यात माणसाचे म्हातारपण संपून जाई.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हा 1949 चा आदेश केवळ नागपूरचा नव्हता. जबलपूर तेव्हा त्याच प्रांतात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. म्हणजे आज ज्या दोन शहरांत आपली मने वाटली गेली आहेत, त्या दोन्ही शहरांतील भाडेकरू एके काळी एकाच छत्राखाली होते. राज्यपुनर्रचना 1 नोव्हेंबर 1956 रोजी झाली आणि वाटा वेगळ्या झाल्या. मध्य प्रदेशाने 1961 साली आपला स्थान नियंत्रण अधिनियम केला. विदर्भात मात्र तो जुना आदेश महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 रोजी अंमलात येईपर्यंत चालू राहिला.

असो. तीर्थरूपांच्या अर्जासाठी आम्ही नागपुरास एका वयोवृद्ध वकिलांकडे गेलो. बोलता बोलता आमची 1996 ची कहाणी निघाली. वकीलसाहेबांनी चष्मा काढून विचारले, "मग तुम्ही सहा महिन्यांच्या आत दावा का नाही केलात?" सन 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे सहावे कलम त्यांनी आम्हांस तेव्हा समजावून दिले. ज्यास त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याचा मार्ग सोडून स्थावर मिळकतीच्या ताब्यातून काढले, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा केल्यास न्यायालय मालकी कोणाची या वादात न शिरता त्याचा ताबा परत देऊ शकते. मालक स्वतः प्रतिवादी असला तरीही! आमची मुदत केव्हाच उलटून गेली होती. कायद्याने आमच्यासाठी दार उघडे ठेवले होते आणि ते दार कोठे आहे हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

त्याच मुक्कामात आमच्या एका नातलगांनी तीर्थरूपांस सल्ला दिला की, अर्जफाटे कशाला, तळमजल्याचा नळ बंद करा, महिन्याभरात जागा मोकळी होईल. आम्ही गप्प होतो. खरे सांगावयाचे तर मातुःश्रींचे हाल पाहून तो सल्ला आम्हांसही क्षणभर गोड वाटला. तीर्थरूपांनी आमच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "तुझी बायको ज्या पायरीवर बसली होती, तसलीच पायरी आपल्याही घराला आहे." पुढे ते स्वतः खाली गेले आणि मास्तरांशी बोलले. मास्तरांचे पाय धड होते. अडचण होती ती वरच्या मजल्यावर न्हाणीघर नसण्याची. तीर्थरूपांनी ते बांधून दिले, मास्तर वर गेले, भाडे दोघांच्या संमतीने वाढविले आणि सर्व काही कागदावर लिहून सह्या झाल्या. नियंत्रकाकडील अर्ज मागे घेतला. प्रत्येक भांडण असे मिटत नाही, हे आम्ही जाणतो. पण नळ बंद केला असता तर ते मिटण्याची शक्यताच उरली नसती.

आता कायद्याचे स्वरूप थोडक्यात पाहू. मध्य प्रदेशाच्या 1961 च्या अधिनियमाचा गाभा बाराव्या कलमात आहे. त्या कलमात दिलेल्या कारणांखेरीज अन्य कारणासाठी भाडेकरूस काढण्याचा दावा चालत नाही. भाडे थकविणे आणि मागणीच्या नोटिशीनंतर दोन महिन्यांत न भरणे, संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव करणे, मालकास स्वतःच्या राहण्यासाठी जागेची खरीखुरी गरज असणे आणि त्याच गावात दुसरी सोयीची जागा नसणे, इमारत धोकादायक होणे, भाडेकरूने स्वतःची दुसरी जागा मिळविणे, ही त्यांतील मुख्य कारणे होत. अधिक भाडे देणारा कोणी भेटला, हे कारण त्या यादीत नाही. कराराची अकरा महिन्यांची मुदत संपली, हेही कारण त्या यादीत नाही.

या अकरा महिन्यांविषयी आपल्यांत मोठा गोंधळ आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा कागद करण्याची प्रथा पडली. जबलपुरात असा भाडेकरार संपल्यावरही भाडेकरू नियमित भाडे भरीत असेल, तर त्यास बाराव्या कलमाचे संरक्षण असते. महाराष्ट्रात मात्र 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार असेल, तर मुदत संपताच जागा सोडावी लागते. न सोडल्यास 1999 च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाखाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. शिवाय तेथे करार लेखी आणि नोंदविलेला असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. तेव्हा आपल्यापैकी जे येथे राहतात आणि ज्यांची मुले पुण्यास नोकरी करतात, त्यांनी एका गावचा नियम दुसऱ्या गावी लावू नये.

भाडेकरूंचे रक्षण करणारा कायदा त्यांच्यावर एक कर्तव्यही टाकतो. दावा दाखल झाल्यास समन्स बजावल्यापासून एका महिन्याच्या आत थकबाकी न्यायालयात भरावी लागते आणि पुढे प्रत्येक महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भाडे जमा करावे लागते. त्यात हयगय झाली तर संरक्षण हातचे जाऊ शकते. मालक भाडे घेत नसेल तर ते भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करण्याची सोय आहे. "तो घेत नाही, मग मी काय करू?" असे म्हणून स्वस्थ बसणारा भाडेकरू स्वतःच्या हाताने आपले छत्र मिटवीत असतो.

घरमालकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. मुंबईत भाडेनियंत्रणाचा आरंभ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली झाला. युद्धामुळे घरे थोडी आणि माणसे फार, अशी स्थिती होती. तात्पुरता म्हणून आलेला तो विचार 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने रुजला आणि 1940 च्या सुमाराचे भाडे पुढे अनेक दशके गोठून राहिले. त्या उत्पन्नात इमारतीची डागडुजी होईना. भिंती खचल्या आणि त्यांखाली भाडेकरूच राहत होते. अशा गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली म्हटले, ते यामुळेच. मध्य प्रदेशाने 1983 साली आपल्या अधिनियमात एक प्रकरण घालून निवृत्त सरकारी नोकर, सैन्यातून निवृत्त झालेले, विधवा, घटस्फोटित स्त्रिया आणि अपंग अशा मालकांना, खऱ्या गरजेसाठी जागा परत मिळविण्यास लवकरचा मार्ग दिला. आपल्यांतील अनेक ज्येष्ठांना तो उपयोगी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी संमत केलेल्या नमुना भाडे कायद्यातही दोन्ही बाजूंचा मेळ घालण्याचा यत्न आहे: करार लेखी हवा, राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको, पाणी व वीज तोडावयाची नाही आणि मुदत संपल्यावर न हलणाऱ्या भाडेकरूने आधी दुप्पट व पुढे चौपट भाडे द्यावे. अर्थात हा केवळ नमुना आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे.

कायदे बदलतात, राज्यागणिक निराळे असतात. परंतु या सर्वांच्या तळाशी एक तत्त्व अढळ आहे. मालकाचा हक्क कितीही बळकट असो आणि राहणाऱ्याचा कितीही दुबळा असो, स्थिरपणे राहणाऱ्यास बाहेर काढण्याचा अधिकार मालकाच्या हातातील कुलपाला नाही; त्यासाठी कायद्याच्या मार्गानेच गेले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. हा मधला न्यायालयाचा रस्ता लांबचा आणि कंटाळवाणा असतो, हे खरे. पण तोच रस्ता रात्री नऊ वाजता जिन्यावर बसण्याची पाळी टाळतो.

आपण आज बरगीच्या जलाशयाकाठी बसलो आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे धरण 1990 साली पूर्ण झाले. जबलपूर, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांतील 162 गावे त्यामुळे बाधित झाली आणि लाखाच्या वर माणसांना आपले ठिकाण सोडावे लागले. त्यांतील पुष्कळ जण जबलपुरास आले, कोणी रिक्षा ओढू लागले, कोणी मजुरी करू लागले. या पाण्याने हजारो एकर शेते भिजविली, हेही खरेच आहे. परंतु ज्या कलमाची आठवण आमच्या वकीलसाहेबांनी करून दिली, त्याच सहाव्या कलमात असेही लिहिले आहे की त्याखाली सरकारविरुद्ध दावा करता येणार नाही. खाजगी मालकापुढे भाडेकरूस जी ढाल आहे, ती या गावांतील स्वतःच्या घराच्या धन्यासही नव्हती. भूमिसंपादनाच्या 1894 च्या कायद्यात मोबदला होता, पुनर्वसनाचा हक्क नव्हता. ज्याच्या नावावर सातबारा वा खसरा नाही, जो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसतो, त्याची स्थिती तर सांगावयासच नको. सन 2013 च्या नव्या भूमिसंपादन कायद्याने प्रथमच, तीन वर्षे तेथे पोट भरणारी कुळे, वाटेकरी आणि शेतमजूर यांची कुटुंबेही बाधित मानली. पण हा कायदा 1 जानेवारी 2014 पासून अंमलात आला. बरगीच्या लोकांची घरे त्यापूर्वी चोवीस वर्षे पाण्याखाली होती.

आम्ही स्वतः सरकारचे नोकर आहोत. तक्रारीच्या सुरात हे बोलत नाही. आम्ही ज्या सरकारी निवासस्थानात राहतो त्यासही भाडे नियंत्रणाचे संरक्षण नाही; निवृत्तीनंतर ठराविक मुदतीत ते आम्ही सोडू आणि सोडलेच पाहिजे. सांगावयाचे इतकेच की, घर ही वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो सहसा दुबळा असतो आणि ज्याच्या हाती कागद आहे तो बलवान असतो. म्हणून दुबळ्याच्याही हाती कागद असला पाहिजे.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली सर्व सभासदांस. येथे भाडेकरू असाल तर करार लिहून घ्या, भाडे बँकेमार्फत द्या, प्रत्येक पावती जपून ठेवा आणि कोणी दटावले म्हणून घर सोडू नका. बरगीसारख्या लहान गावी राहत असाल, तर 1961 चा अधिनियम तेथे लागू आहे की नाही हे आधी वकिलास विचारा. तो अनुसूचीत घातलेल्या शहरांना प्रथम लागू झाला, अन्यत्र अधिसूचनेने होतो. जेथे नाही तेथे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मासिक भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस पुरते. दुसरी विनंती जे गावाकडे घरमालक आहेत त्यांस. नळाला आणि विजेच्या तारेला हात लावू नका. आधी बोला, मग लिहा आणि अगदीच निरुपाय झाला तर न्यायालयात जा.

तिसरी विनंती कार्यकारिणीस. मंडळाच्या वास्तूत मागील बाजूस जी खोली सतरंज्या आणि नाटकाचे पडदे ठेवण्यासाठी वापरतो, ती या सुवर्णमहोत्सवी वर्षात रिकामी करावी. तेथे दोन खाटा, एक शेगडी आणि पाण्याचा माठ ठेवावा. जातपात, भाषा न विचारता, एकाएकी रस्त्यावर आलेल्या कोणत्याही कुटुंबास ती खोली काही दिवस मिळावी. खाटांचा खर्च आम्ही देऊ. सन 1996 मध्ये ज्या कुटुंबाने आम्हांस आसरा दिला, त्यातील वडीलमंडळी आता हयात नाहीत. त्यांचे ऋण त्यांच्याकडे फेडण्याची सोय उरलेली नाही. ते येथेच फेडता येईल.